स्वराज्याची दवंडी

चकलांब्याच्या पुढं, निजामाच्या मोगलाईची हद्द संपायला कोसभर राहिलं की टाकळवाडी लागायची. त्या गावचा दवंडीवाला सटवा. ओढ्याच्या अंगाला मांगवाडा होता आणि मांगवाड्याच्या टोकाला त्याचं घर. हलगी त्याला बापाकडून आली होती, आवाज मात्र त्याचा स्वतःचा. वेशीत उभं राहून तो बोलायला लागला की मळ्यातली माणसं मोट थांबवून ऐकत, असं गावात सांगत.

सटवाला अक्षरओळख नव्हती. म्हणून तो शब्द तोंडात जपायचा. चावडीवर जे सांगतील ते तो तिथंच दोनदा म्हणून दाखवायचा, मान हलली की मग हलगी शेकायला घ्यायचा. ही सवय त्याला बापाच्या पाठीवरचे वळ बघून लागली होती. बापानं एकदा गुरांच्या झडतीचा, म्हणजे मोजणीचा, वार चुकीचा सांगितला होता. झडतीच्या दिवशी निम्मी गुरं रानात, आणि महसुलाच्या गिरदावरानं चावडीपुढं बापाला ओणवं करून चाबकानं फोडलं होतं. त्या रात्री पालथं पडून बाप म्हणाला होता, हलगीवाल्याचं तोंड म्हंजे गावाचं तोंड, त्यात आपल्या पदरचा एक दाणासुदिक टाकायचा न्हाई. सटवानं ते गाठीला बांधलं. लग्नाचा सांगावा असो, कोंडवाड्यातलं जनावर असो, बिबट्या दिसल्याची खबर असो, सांगितलं तेवढंच आणि तसंच. तापाची मोठी साथ आली त्या वर्षी मढी ओढ्यात टाकू नका अशी दवंडी त्यानं पंधरा दिवस दिली. त्याच पंधरवड्यात त्याची स्वतःची दोन्ही लेकरं गेली. एक सकाळी, दुसरं दोन दिवसांनी. दवंडी मात्र एकही चुकली नाही. त्याची बायको साखराबाई पुढं कितीतरी दिवस त्याच्याशी बोलली नव्हती.

साथीनंतरचं दुसरं वर्ष कोरडं गेलं, तिसऱ्या वर्षी जरा ज्वारी उभी राहिली. ज्वारी पोटरीत असताना गेवराईहून पोलिसाचा एक जवान घोड्यावर आला आणि चावडीवर हुकूम देऊन गेला. हुकूम उर्दूत. पटवाऱ्यानं तो वाचला, आप्पाराव पाटलाला त्याचा अर्थ सांगितला आणि सटवाला बोलावणं गेलं.

दवंडी अशी होती : हद्दीपलीकडं इंग्रजी मुलखात सभा भरतात, तिकडं कुणी जायचं नाही. पांढरी टोपी डोक्यावर घालायची नाही. स्वराज्य हा शब्द तोंडातून काढायचा नाही. काढील त्याला कैद होईल.

सटवानं म्हणून दाखवलं. तो शब्द त्याच्या तोंडात बसेना. तो आधी सोराज म्हणाला, मग सुराज म्हणाला. पटवारी चिडला. तुकडे पाडून त्यानं तो शब्द घोकून घेतला, जसा पंतोजी पोरांकडून पाढा घेतो तसा. शब्द नीट बसल्यावर सटवानं हात जोडून विचारलं, "ह्ये काय असतंय जी?"

"तुला काय करायचंय बे?" पटवारी म्हणाला. "सांगितलं तेवढं ओरड."

सटवा निघाला. वेशीत, मारुतीच्या पारापाशी, तेल्याच्या घाण्यापाशी, वाण्याच्या दुकानापुढं, शेवटी महारवाडा आणि मांगवाडा. जिथं जिथं उभा राहिला तिथं तिथं त्यानं तो शब्द स्वच्छ उच्चारला. त्या दिवसापर्यंत टाकळवाडीत निम्म्याहून जास्त माणसांनी तो ऐकलेलाच नव्हता.

आणि मग गाव बोलायला लागलं. विहिरीवर बायांना वाटलं ही नवी साथ आहे, कारण ज्याच्यापासून लांब राहा म्हणून दवंडी येते तो रोगच असतो. घाण्यापाशी कुणी म्हणालं नवी पट्टी बसणार आहे, तिचं नाव आधी घेऊ देत नाहीत. वाण्यानं अशी खबर उठवली की स्वराज्य नावाचा एक दरोडेखोर नगर जिल्ह्यातून हद्द ओलांडून आला आहे. जो तो सटवाला गाठून विचारायला लागला की बाबा, तू जे ओरडलास ते काय आहे. आजवर दवंडीचा अर्थ सटवाला कुणी विचारला नव्हता. गाय म्हणजे गाय, ताप म्हणजे ताप. आता लोक विचारत आणि तो ओशाळून म्हणे, मला ठावं न्हाई. आपल्या तोंडून गेलेली गोष्ट आपल्यालाच ठाऊक नाही, हे त्याच्या जिवाला लागलं.

आप्पारावाचे चुलते त्रिंबकतात्या तेव्हा ऐंशीच्या घरात होते. डोळे गेलेले, दिवसभर ओट्यावर घोंगडीवर बसून असत. जाणारा येणारा पायांच्या आवाजावरून ओळखत. सटवा ओट्याखाली लांब उभा राहिला आणि त्यानं तात्यांना विचारलं. तात्या हसले. म्हणाले, हा शब्द नवा कुठला, जुनाच आहे. शिवाजी महाराजांच्या वेळचा. स्व म्हणजे आपलं. आपल्या माणसांचा अंमल ते स्वराज्य.

मग तात्यांनी त्याला आणखी एक गोष्ट सांगितली. त्यांच्या आज्यानं ती सांगितलेली. आज्याच्याही आज्याच्या काळी या मुलखात म्हणे दोन अंमल होते. खळ्यावर रास पडली की दोन सरकारांची माणसं यायची. एक म्हणायचा मोगलाईचा वाटा काढा, दुसरा म्हणायचा स्वराज्याचा वाटा काढा. गावानं दोघांचंही घर भरायचं. खरं खोटं देव जाणे, तात्या म्हणाले, ऐकीव आहे.

"दोघांत फरक काय हुता जी?" सटवानं विचारलं.

तात्यांनी घोंगडी सारखी केली. मग म्हणाले, "मोगलाईवाला उर्दूत शिव्या द्यायचा. स्वराज्यवाला मराठीत."

हे ऐकून सटवाला काही उलगडा झाला नाही. पण ओट्याच्या आत, दाराआड उभा राहून आप्पारावाचा पुतण्या गहिनीनाथ हे ऐकत होता. गहिनीनाथ तेव्हा पंचविशीतला. बोधेगावच्या बाजारात कापसाच्या गाड्या घेऊन जायचा. बोधेगाव हद्दीपलीकडं, तिथं इंग्रजाचं राज्य. तिथल्या सभा त्यानं ऐकल्या होत्या आणि एक पांढरी टोपी कडब्याच्या गंजीत लपवून ठेवली होती. त्यानं सटवाला ओढ्यावर गाठलं. म्हाताऱ्याचं मनावर घेऊ नको, म्हणाला. आताचं स्वराज्य वेगळं आहे. आता त्यात कुणी वरचा नाही आणि कुणी खालचा नाही. वेठ नाही, चाबूक नाही. आपणच आपले मालक.

सटवानं विचार केला आणि म्हणाला, "मंग गावाच्या हिरीचं पानी?"

"सगळं येतं त्यात," गहिनीनाथ म्हणाला. पण म्हणताना त्याची नजर ओढ्याच्या पाण्यावर होती.

घरी येऊन सटवानं साखराबाईला दोन्ही अर्थ सांगितले. तिनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं आणि एवढंच म्हणाली, की ज्याचं नाव घ्यायला सरकार भितंय ते आपल्यासारख्याच्या दारात नको. तिचं खरं होतं. पण शब्द तर सटवानंच दारोदार नेऊन टाकला होता.

महिनाभरात तो गावाच्या जिभेवर रुळला. दावं तोडून बैल पळाला की म्हणत, त्याला स्वराज्य मिळालं. सासूशी भांडून वेगळी चूल मांडलेल्या सुनेला बाया तेच म्हणत. पोरं फुटकं सूप बडवत गल्लीतून दवंडी दवंडी खेळत आणि तो शब्द आला की सगळी एका सुरात ओरडत. हे सगळं हसण्यावारी चाललं होतं. कैदेची धमकी कुणालाही खरी वाटत नव्हती.

सुगी सुरू झाली तेव्हा हद्दीवरच्या गावांचा दौरा करत पोलिसांचा अमीन टाकळवाडीत आला. वेशीतून आत येतानाच त्यानं पोरांची दवंडी ऐकली. घोडा तिथंच थांबवून त्यानं ती पुन्हा म्हणायला लावली आणि पोरांनी मोठ्या हौसेनं म्हणून दाखवली. चावडीवर येईपर्यंत त्याचा चेहरा उतरला होता की चढला होता हे कुणाला कळलं नाही. बसल्या बसल्या त्यानं विचारलं, की शेजारच्या गावांत हा शब्द कुणाला माहीत नाही, मग इथल्या शेंबड्या पोरांना कसा माहीत.

आप्पाराव पाटलाला सगळं ठाऊक होतं. घरात पुतण्या होता, गंजीत टोपी होती. एकदा झडती सुरू झाली तर ती चावडीवर थांबली नसती. पाटील म्हणाला, दवंडीवाल्यानं गावभर ओरडून सांगितला, तेव्हापासून.

अमिनानं पटवाऱ्याकडं बघितलं. पटवारी म्हणाला, "साहेब, मी त्याला सरकारविरुद्ध बोलू नका एवढंच सांगायला लावलं होतं. शब्द त्यानं आपल्या पदरचा घातला."

हुकूम चावडीच्या पेटीतच होता. अमिनाला तो काढून बघता आला असता. त्यानं बघितला नाही. पकडला म्हणून वर कळवायला एक माणूस हवा होता आणि तो मिळाला होता.

सटवा खळ्यावर होता, तिथून त्याला आणलं. पाटील खाली बघत होता. पटवाऱ्यानं आपलं म्हणणं त्याच्या तोंडावर पुन्हा सांगितलं. सटवाला आधी वाटलं की पटवारी विसरला असेल. त्यानं ती दवंडी पहिल्यापासून शेवटपर्यंत, त्या दिवशी चावडीवर म्हटली होती तशीच म्हणून दाखवली, म्हणजे पटवाऱ्याला आठवेल. अमिनासमोर, चावडीवर, सगळ्यांच्या देखत तो शब्द त्यानं पुन्हा एकदा स्वच्छ उच्चारला. जवानानं त्याच्या तोंडावर फटका मारला.

दोर लावून त्याला गेवराईला नेलं. साखराबाई गावच्या शिवेपर्यंत मागं धावत गेली, मग तिला हाकललं. ठाण्यात विचारणा झाली ती एकाच गोष्टीची : तुला हा शब्द कुणी शिकवला, गावात टोपी कुणाची आहे. सटवाला टोपी कुणाची हे ओढ्यावरच्या बोलण्यावरून ठाऊक होतं. नाव घेतलं असतं तर कदाचित सुटला असता. पण ज्या गावात साखराबाई एकटी होती त्या गावच्या पाटलाच्या घरचं नाव घेणार कसं. आणि दुसरंही होतं. चावडीनं त्याला जे सांगितलं नव्हतं ते बोलायची त्याच्या जिभेला सवयच नव्हती. तो एकच सांगत राहिला, की चावडीवर सांगितलं तेच म्हटलं, आपल्या पदरचं काही घातलं नाही.

तिसऱ्या दिवशी जवानांनी त्याचा उजवा हात खाटेच्या पायाखाली घातला आणि दोघं खाटेवर बसले. पानतंबाखू खात, इकडच्या तिकडच्या गप्पा मारत बसले. उठले तेव्हा बोटं काळी पडली होती. ती पुढं जशी वळली तशीच राहिली, अर्धी मिटलेली, सुकलेल्या शेंगांसारखी.

गेवराईहून त्याला बीडच्या तुरुंगात पाठवलं. तिथं दळण होतं. एका हातानं जातं ओढायचं. कोर्टातली पेशी आज होईल, उद्या होईल म्हणत उन्हाळा गेला. त्याच बराकीत नेकनूरचे उत्तरेश्वर मास्तर होते. खासगी शाळा चालवायचे, सभा भरवली म्हणून आत आलेले. बारीक अंगाचे, खोकणारे. सटवा कशासाठी आत आला हे कळल्यावर ते उठून त्याच्याजवळ आले आणि त्यांनी त्याचा तो वाकडा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. सटवानं तो मागं ओढला. आजवर त्याच्या हाताला असा कुणी हात लावला नव्हता.

मास्तरांनी त्याला त्या शब्दाचं मूळ सांगितलं. शब्द फार जुना, वेदातला. दुसऱ्या कुणाच्या उजेडानं नव्हे, स्वतःच्या तेजानं शोभणारा तो स्वराट, आणि त्याची जी अवस्था ती स्वराज्य. आधी तो राज्याचा शब्द नव्हताच, म्हणाले, माणसाचा होता. ज्याचा स्वतःवर ताबा आहे त्याचा. मग महाराजांच्या काळात तो मुलखाचा झाला. मग मराठ्यांच्या दप्तरात वसुलीचा झाला. सटवाला त्रिंबकतात्यांची गोष्ट आठवली, ती त्यानं सांगितली तेव्हा मास्तर हसले आणि म्हणाले, तेही खरंच आहे. मग कितीक वर्षं तो शब्द पडून राहिला आणि आता पुढाऱ्यांनी तो पुन्हा उचलला आहे.

सटवा हे सगळं पुन्हा पुन्हा सांगायला लावायचा आणि पाठ करायचा. स्वतःच्या तेजानं, हे त्याला फार आवडलं. एक दिवस जात्यावर बसल्या बसल्या त्यानं विचारलं, "मास्तर, स्व म्हंजे आपण. मंग आपण म्हंजे कोन कोन?"

"सगळे," मास्तर लगेच म्हणाले. "तू, मी, सगळे. नाहीतर त्याला अर्थ नाही." ते मनापासून म्हणाले होते, आणि सटवाला ते पटलं. तुरुंगातल्या त्या दिवसांत तेवढीच एक गोष्ट त्याच्या बाजूनं होती. पावसाळ्याच्या तोंडाला मास्तरांना रक्ताची उलटी झाली, त्यांना दवाखान्यात हलवलं आणि ते परत आले नाहीत. वाचले की गेले हे कुणी सांगितलं नाही.

सटवाची पेशी कधी झालीच नाही. पोळ्याच्या आसपास एका सकाळी त्याला फाटकाबाहेर काढून जा म्हणाले. तो पायी निघाला. मधे ताप भरला म्हणून एका देवळामागं पडून राहिला. टाकळवाडीत पोहोचला तेव्हा साखराबाईनं त्याला आधी ओळखलं नाही आणि ओळखल्यावर ती रडली नाही. तिच्यातलं रडू संपलेलं होतं. त्याला नेल्यावर गावानं बलुतं बंद केलं होतं. हलगी चुलतभाऊ रामकिसनला दिली होती. पाटलाची बायको भिवराबाई काही दिवस मागल्या दारानं भाकरी टाकायची, मग पाटलानं बघितलं आणि तेही थांबलं. साखराबाईनं शेण गोळा केलं, काट्या विकल्या, काही दिवस केवळ तरोट्याच्या भाजीवर काढले. गहिनीनाथ गावात नव्हता. सटवाला नेलं त्याच रात्री तो हद्द ओलांडून बोधेगावला गेला होता आणि तिथंच राहिला होता.

सटवाचा आवाजही राहिला नव्हता. तुरुंगात छाती धरली होती. बोलला की फाटक्या भात्यातून वारा निघाल्यासारखं व्हायचं.

तरी दसऱ्याआधी पाटलानं त्याला चावडीवर बोलावलं. रामकिसन शब्द खातो, लोकांना कळत नाही, असं पाटलाचं म्हणणं. आवाज येईल हळूहळू, काम परत घे, बलुतं चालू करतो. पाटील वाईट माणूस नव्हता. त्याला रात्री झोप लागत नसावी.

सटवा म्हणाला, "घितो जी. पर आधी येक दवंडी माझी द्या. सटवानं चावडीवर सांगितलं तेच म्हटलं हुतं, येवढीच. रामकिसन दील ती."

पटवारी तिथंच होता. तो पानाला चुना लावत राहिला. पाटलानं खाकरून सांगितलं, की झालं गेलं गंगेला मिळालं, आता उकरून काय मिळणार, तू घरी आलास ना.

"मी लबाड हाय असं गावाला वाटतंय," सटवा म्हणाला. "मी शबूद बदलला असं वाटतंय."

"कुणाला काही वाटत नाही," पाटील म्हणाला, आणि ते बहुतेक खरं होतं. गाव ते विसरूनही गेलं होतं.

सटवानं वाकून मुजरा केला आणि चावडीची पायरी सोडली. काम त्यानं घेतलं नाही. घरी आल्यावर साखराबाईनं त्याला पहिल्यांदाच वेड्यासारखं बोलून घेतलं. पोटाला काय घालणार, हात गेला, गळा गेला, आता मानही मोडून घ्यायची का. तो ऐकत राहिला. दिवाळीआधी दोघांनी घर सोडलं. बोचकं आणि एक शेळी. हद्दीवरच्या करोडगिरीच्या नाक्यावर शिपायानं शेळीवर जकात मागितली. द्यायला काही नव्हतं, म्हणून शेळी नाक्यावर राहिली.

बोधेगावच्या अलीकडं शेवगावच्या सडकेचं काम चाललं होतं. दोघं खडी फोडायला लागली. साखराबाई हातोडा मारायची, सटवा डाव्या हातानं दगड ओढून द्यायचा. सडकेच्या कडेला पाचटाची खोपी होती. मुकादम शिव्या द्यायचा, पण त्या सगळ्यांनाच द्यायचा.

त्या हिवाळ्यात बोधेगावच्या बाजारतळावर मोठी सभा भरली. सटवा आणि साखराबाई बाजाराला आलेली, गर्दी बघून लांब लिंबाखाली थांबली. व्यासपीठावर चार माणसं टोप्या घालून बसली होती आणि त्यांतला एक गहिनीनाथ होता. लोक उघड उघड, मोठ्यानं तो शब्द म्हणत होते.  सटवाचे डोळे जवान कुठं आहे ते शोधायला लागले.

गहिनीनाथानं त्याला बघितलं. बोलता बोलता तो थांबला, मग बोट दाखवून म्हणाला की मोगलाईत स्वराज्यासाठी तुरुंगात गेलेला माणूस इथं उभा आहे, त्याला पुढं येऊ द्या. वाट झाली. माणसं बाजूला सरली, अंग चोरून सरली, आणि टाळ्याही वाजल्या. सटवा व्यासपीठाच्या खाली येऊन उभा राहिला. वर ये असं कुणी म्हणालं नाही. बोल दोन शब्द, असं म्हणाले.

एवढ्या माणसांपुढं उभं राहायची त्याला सवय होती. फक्त काय म्हणायचं ते आधी कुणी सांगितलेलं असायचं. तो म्हणाला, "मला चावडीवर जे सांगितलं तेच मी म्हटलं हुतं." पुढं त्याला खोकल्याची उबळ आली. पुढच्या रांगेतल्यांनी ऐकलं असेल, मागं काहीच गेलं नाही. लोकांना वाटलं भरून आलं.

खोकला थांबेना, तेव्हा कुणीतरी पाणी आणा म्हणालं. एक पोऱ्या तांब्या घेऊन आला आणि त्यानं तो जरा उंच धरून पाणी सोडलं, जसं अशा माणसाला सोडतात तसं. सटवानं ओंजळ पुढं केली. उजव्या हाताची बोटं उघडेनात. पाणी ओंजळीत थांबलंच नाही, मनगटावरून खाली गेलं. पोऱ्यानं पुन्हा ओतलं, पुन्हा सांडलं. व्यासपीठावरची माणसं इकडं तिकडं बघायला लागली. तांब्या त्याच्या हातात देणं कुणाच्या मनात आलं नाही, किंवा आलं आणि कुणी दिलं नाही. मग साखराबाई माणसांतून पुढं आली, तिनं आपली ओंजळ धरली, पाणी घेतलं आणि त्याच्या तोंडाला लावलं. पुढचा वक्ता बोलायला उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी गहिनीनाथ सडकेवर आला. बरोबर कुणी नव्हतं. खोपीपुढं उभा राहून त्यानं साखराबाईकडं पाणी मागितलं. तिनं सटवाकडं बघितलं. सटवानं मान हलवली. तिनं मडक्यातलं पाणी दिलं आणि गहिनीनाथ तिथंच उभ्या उभ्या तोंड लावून ते प्यायला.  ठाण्यात तू माझं नाव घेतलं नाहीस, हे मी जन्मभर विसरणार नाही, असं तो म्हणाला. आता काय करू सांग.

सटवा दगडावर बसला होता. म्हणाला, "टाकळवाडीला जा. चावडीवर उभं राहून सांगा, सटवानं शबूद बदलला न्हवता. पटवाऱ्यानंच घोकून घेतलाता."

 गहिनीनाथ म्हणाला, की तिकडं आपल्या नावानं वॉरंट आहे. हद्दीत पाय ठेवला की धरतील. चुलत्याचंही घर बुडेल. दिवस बदलले की नक्की जाईन. खरंच जाईन.

"मंग मला सभेत पुकारू नगा," सटवा म्हणाला. त्यात राग नव्हता. "तुमी म्हनता त्यासाठी मी गेलतो, असं न्हाई. ते सांगनं बरुबर न्हाई."

 गहिनीनाथ आणलेली ज्वारीची पिशवी खोपीच्या दारात ठेवून गेला. साखराबाईनं ती घेतली. घेऊ नको असं सटवा म्हणाला नाही.

त्यानंतर तो दोन पावसाळे जगला. मास्तरांनी शिकवलेलं तो कधी कधी साखराबाईला सांगायचा, वेदातलं, मग महाराजांचं, मग वसुलीचं, क्रमानं, एकही शब्द इकडचा तिकडं न करता. तिला त्यातलं फारसं कळायचं नाही. ती दगड फोडत हं हं म्हणायची. दुसऱ्या पावसाळ्यात, सडक शेवगावच्या जवळ पोहोचली असताना, त्याची छाती बंद पडली. सोबतच्या खडीवाल्यांनी त्याला सडकेच्या कडेला पुरलं. गहिनीनाथाला निरोप गेला होता, पण तो तेव्हा नगरला सभेत होता.

टाकळवाडीला ही खबर कुणी कळवली नाही. सडक झाल्यावर साखराबाई खडीवाल्यांच्या टोळीबरोबर नगरकडं गेली.